रांग सोडून गेलेला

काल आमच्या वसतिगृहात नशेची तपासणी झाली. लघवीच्या नमुन्यासाठी प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची छोटी बाटली होती. संडासाचं दार उघडं ठेवायचं आणि वॉचमनमामांनी समोर उभं राहून बघायचं, असा नियम. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. "आवरा रे लवकर, मलाच लाज वाटतेय," म्हणत होते. पोरं हसत होती.

रांगेत माझ्या पुढे माझा रूममेट नीलेश होता. तो हसत नव्हता. "धर जरा, आलोच," म्हणून त्यानं बाटली माझ्याकडे दिली आणि जिना उतरून गेला. तो परत आलाच नाही.

गेल्या वर्षी नशेच्या गोळ्यांनी इथला एक मुलगा गेला. म्हणून वसतिगृहाच्या बैठकीत तपासणी सक्तीची करा म्हणताना मीही हात वर केला होता. ते अजूनही मला चूक वाटत नाही. पण नीलेशची कॉट माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याची थरथरणारी बोटं मला रोज दिसायची. तुला काय होतंय, हे त्याला विचारायची सक्ती मात्र कुणावरच नव्हती. सापडलेल्याला बाहेर काढायचा नियम आहे, उपचाराला न्यायचा नाही.

आज दुपारी त्याच्या आईचा फोन आला. "फोन उचलत नाही रे बाळा तो. अभ्यासात असेल ना? आमच्या घरातला पहिलाच शिकणारा, म्हणून काळजी वाटते."

मीही माझ्या घरातला पहिलाच.

"हो मावशी," मी म्हणालो. तो कुठे आहे, हे मलाही माहीत नाही.