झुंबरबाई भोंग्याला पळाल्या नाहीत

झुंबरबाईंनी लेकीसाठी गोरा जावई गाठला, ही बातमी कुंभवलीभर व्हायला एक दुपार पुरली. बाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोज अडीच वाजता दार लोटून कॉम्प्युटरपुढे उभ्या राहतात, पडद्यावर एक परदेशी पोरगा हसतो आणि बाई त्याला बोटं करून दाखवतात, एवढं शिपायानं पाहिलं होतं. जावयाची भर माझी. भिंतीला भिंत लागून घर आहे, इतकं तर करावंच लागतं. बाईंची भाग्यश्री मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

खरं ते असं. तो पोरगा युक्रेनमधला, रसायनशास्त्राचा विद्यार्थी. त्यांच्या विद्यापीठाची प्रयोगशाळा लढाईत पडली. इंग्लंडातल्या एका विद्यापीठानं त्यांच्याशी हात मिळवला आणि आमच्या रसायनशास्त्राच्या प्रतीक्षा मॅडम तिथं शिकलेल्या, म्हणून बोईसरचं आमचं कॉलेजही त्या करारात आलं. पोरांनी तिकडून सांगायचं, इकडे प्रयोग करायचा, आकडे त्यांनी लिहायचे. महिनाअखेर आठ प्रयोग झाले नाहीत तर अठरा पोरांचं वर्ष वाया.

आणि इकडचे हात कोणाचे? झुंबरबाईंचे. मॅट्रिक नापास. एमआयडीसीतल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचा धुतल्या, कंपनीला टाळं लागल्यावर कॉलेजात लॅब अटेंडंट झाल्या. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडताना खालचं पाणी गुलाबी व्हायला लागलं की नेमकं कुठं थांबायचं, हे त्यांना मॅडमपेक्षा आधी कळतं. "कांद्याच्या पापुद्र्याएवढा रंग. त्याच्या पुढं गेलं का फुकट," असं त्या सांगतात. पोरं आकडे बोटांवर विचारत, बाई बोटांवर देत. हीच ती शिपायानं पाहिलेली बोटं.

पाचवा प्रयोग चालू होता. आवाज नीट यावा म्हणून मॅडमनी गॅदरिंगचा मोठा स्पीकर जोडलेला, खिडक्या उघड्या. मध्येच तिकडे हवाई हल्ल्याचा भोंगा झाला आणि तो आमच्या आवारात घुमला.

आता आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात भोंगा म्हणजे वायुगळती. बालवाडीतल्या पोरालाही पाठ आहे: रुमाल ओला करून नाकावर धरायचा आणि वाऱ्याला आडवं पळायचं. दोन मिनिटांत कॉलेज रिकामं. कँटीनच्या चिंतूनं शेगड्या विझवून वड्यांचं पीठ तसंच टाकलं. आवारातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून मीही निघालो, नाकाला फडकं, तेही शाई पुसायचं. संस्थेचे अध्यक्ष विक्रमशेठ त्या दिवशी पाहणीला आलेले. ते गाडीत बसले ते थेट वीसेक किलोमीटरवर मनोरला उतरले, फोन बंद करून.

गोंधळ काय झाला ते सांगायला मॅडम मैदानावर धावल्या. प्रयोगशाळेत राहिल्या एकट्या झुंबरबाई. पडद्यावरच्या खुर्च्या रिकाम्या, एका मुलीनं जाता जाता "थांबा" म्हणून तळहात दाखवलेला. बाईंनी ब्युरेटची तोटी बंद केली आणि स्टुलावर बसून राहिल्या. चाळीस मिनिटांनी पोरं परत दिसली, तळघरातून, डोक्यावर एकच बल्ब. बाईंनी तोटी उघडली. सहा थेंबांत पापुद्रा आला.

दोन दिवसांनी विक्रमशेठांनी बैठक लावली. कॉलेजचं हसं झालं, हा वर्ग बंद करा, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्य होकारार्थी मान डोलवत होते, मॅडमना कोणी बोलू देईना. मी तिथं झेरॉक्सचे गठ्ठे पोचवायला गेलो होतो, म्हणजे गेलो होतो ऐकायलाच.

वर्ग बंद झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आठही प्रयोग झाले आणि अठराही पोरं वरच्या वर्गात गेली. पण त्या दिवशी तसं काही दिसत नव्हतं.

"बाई, दुसऱ्यांच्या लढाईशी आपलं काय देणंघेणं?" शेठ म्हणाले. "उद्या पुन्हा भोंगा झाला तर?"

झुंबरबाई चहाचे कप गोळा करत होत्या. ट्रे त्यांनी शेठांच्या पुढ्यात ठेवला.

"शेठ, भोंगा त्यांच्या डोक्यावर झाला, ती पोरं चाळीस मिंटात परत कामाला लागली. तुमी मनोरला गेले ते आज उगवले. बंद काय करायचं ते तुमीच ठरवा. मी अडीचला ब्युरेट भरनार हाय."