नसीमची निवड चाचणी आणि एक असत्य विधान

'लिंबायतच्या नसीमला तलवारबाजीच्या निवड चाचणीला जाण्यापासून तिच्या वडिलांनी धर्मापायी रोखले', असे विधान सध्या फिरत आहे. ते असत्य आहे, एवढेच मला येथे सिद्ध करायचे आहे. नसीमच्या परवानगीने लिहीत आहे.

नसीम माझी शाळेतील विद्यार्थिनी. आमच्या भागातून या खेळात राज्यातर्फे उतरलेली पहिली मुस्लिम मुलगी… आज सत्तावीस वर्षांची. देशाच्या संघात जाण्याची ही बहुधा शेवटची संधी, आणि घरून नकार आल्याचे माझ्या कानावर आले होते.

रविवारी मी तिच्या घरी गेलो. वडील हमीदभाई मूळचे धुळ्याकडचे, इथे लिंबायतमध्ये कापडाच्या लूमवर काम करतात. बसताक्षणी मी मुद्दा मांडला: या खेळात मान, हात, पाय, चेहराही झाकलेला असतो, मास्कखाली रुमाल बांधता येतो, सबब धर्माच्या नावाने आक्षेपाला आधार नाही.

हमीदभाई शांतपणे म्हणाले, "सर, कपड्याचं मी कधी बोल्लो? तिचं किट तर मीच धुतो. पोरगी जिना आडवी पावलं टाकत उतरते, ते बघितलं का तुम्ही?"

मी पाहिले नव्हते. गुडघ्याची लिगामेंट फाटली होती, डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला होता… आणि नसीमचा हट्ट होता, पट्टी बांधून खेळेन. बापाचा नकार त्या हट्टाला होता.

नसीम हसत सुटली. "सर, फॉइलच्या तलवारबाजीत दोघींचे वार एकदम लागून दोघींचे दिवे पेटले, तर जिचा वार आधी सुरू झाला तिला पॉइंट. दुसरीने आधी तो वार अडवायचा, मग मारायचं. तुम्ही अब्बूंचं ऐकलंच नाही, डायरेक्ट मारलं! पॉइंट अब्बूंचा."

"मग मान ना पॉइंट," हमीदभाई म्हणाले.

तिचे हसू थांबले. तिने गुडघ्यावर हात ठेवला.

"नाही जात या वेळी," ती म्हणाली. "पण ऑपरेशननंतर अडवलंत तर बघा, अब्बू."

"अडवतो कशाला? बॅग मीच उचलेन, बेटा."

आता राहिले एकच. वरील विधान प्रथम मीच, कोणतीही चौकशी न करता, गेल्या आठवड्यात या पानावर केले होते. ते त्या घरात माझ्याआधी पोहोचले होते, हे मला निघताना समजले… तरीही हमीदभाईंनी मला दुसऱ्यांदा चहा विचारला होता. चूक माझी आहे. विधान मागे घेतो.

— माधव पाटणकर