गावचं चर्च ओलांडून

दर रविवारी आमच्या गावची एक तरुण पोरगी अलिबागच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर बसायची. गावचं चर्च दिसलं की क्रूसाची खूण करायची, पण उतरायची नाही. अलिबागला भाड्याच्या हॉलमधल्या, दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला जायची.

मी एकदा सरळ विचारलं, "तिथली गिटारवरची गाणी भारी असतात का?"

"गाणी आमच्याच चर्चची छान. पण आई गेल्यावर मी कित्येक महिने रविवारच्या मिस्साला, आपल्या चर्चच्या प्रार्थनेला, गेले न्हाय, तर कुणी विचारलं न्हाय. तिथं एक रविवार चुकला तरी हॉलमधले लोक घरी विचारायला येतात."

"आणि घरचे?"

"फादर माझ्या बाबांना म्हणाले, पोरगी परत आली न्हाय तर तिला आईशेजारी माती मिळणार न्हाय." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तेवढंच लागतं मनाला."

तरुण पोरं गिटारला भुलली म्हणून चर्चच्या वेदीवरून ठणकावणाऱ्यांनो, कबरीचा धाक घालण्याआधी या पोरीच्या दारात एकदा तरी जायचं होतं.