मुलांच्या कायद्याचे बावीस प्रश्न

माळावरून चालून आलं की लुगड्याला कुसळं चिकटतात. घरी येऊन एकेक काढत बसावं लागतं, आणि एखादं राहूनच जातं. कमिटीच्या दौऱ्यातल्या किश्शांचं तसंच! त्यातली काही कुसळं अजून टोचतात.

तेव्हा आपलं मुंबई राज्य होतं. मुलांच्या कायद्यात फेरबदल करायचे की नाही, यावर आमदारांची चर्चा चालली होती. मूल कोणाच्या ताब्यात असावं, दत्तक कोणाला घेता यावं, लग्नाचं वय खरंच पाळलं जातं का? लोकांनाच विचारून या, म्हणून एक छोटी कमिटी गावोगाव निघाली. अध्यक्ष नानासाहेब, पुण्यातले आमदार, पेशानं वकील. दुसऱ्या आमदार लीलाबाई, पूर्वी शाळेत शिकवायच्या. मी शॉर्टहँड घेणारी, चोवीस वर्षांची. जीप चाकणच्या इस्माईलभाईंची. आणि बावीस प्रश्नांचा एक छापील कागद.

नानासाहेबांना एका जागी बसवत नसे. साक्ष चालू असली की यांच्या येरझाऱ्या. मी मान डावी-उजवीकडे फिरवत लिहायची. संध्याकाळी हातापेक्षा मानच जास्त दुखायची!

•

पहिली बैठक चाकणच्या चावडीत. बाजाराचा दिवस, त्यामुळे गर्दी चिक्कार.

"मुलगी दत्तक घ्यायला कायद्यानं परवानगी असावी का?" नानासाहेबांनी विचारलं.

एक पागोटेवाले आजोबा उठले. "सायेब, आमी आमची सोताची लेक लोकाच्या घरात देतो. मग लोकाची लेक आमच्या घरात कशापायी आनू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एका म्हातारीचा आवाज आला, "मंग सून काय झाडावरनं तोडून आनता व्हय?"

चावडी दणाणली! मी रिवाजाप्रमाणे कंसात 'हशा' लिहिलं. परतताना नानासाहेबांनी वही बघितली. "रिपोर्टात हशा नको. गांभीर्य जातं."

लीलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हशा काढा. पण मग म्हातारीचं उत्तर ठळक छापा."

नानासाहेबांनी हशा ठेवला.

•

आळंदीला एक गृहस्थ आले. बायको दोन वर्षांपासून माहेरी, आठ वर्षांचा मुलगा तिच्याजवळ. गृहस्थांचा आवाज मोठा. "पोरगं बापाचं. कायदा काय बदलायचा त्यात?"

"कितवीत आहे?" लीलाबाईंनी विचारलं.

"असंल दुसरीत."

"जेवणात काय आवडतं त्याला?"

"खातो की सगळं."

"अंधाराला घाबरतो का?"

गृहस्थ दाराकडे वळून ओरडले, "अगं ए, ये की आत! ह्या बाई काय इचारतात ते सांग जरा!"

बायकोही साक्षीसाठी माहेरून आली होती, मुलाला घेऊन दाराबाहेरच उभी होती. नानासाहेबांच्या येरझाऱ्या थांबल्या. मला म्हणाले, "लिहा. ताबा बापाला हवा, माहिती आईकडे आहे."

या वेळी कंसात 'हशा' लिहावं लागलं नाही.

•

पिंपरीला निर्वासितांच्या बराकी. फाळणीत सिंधमधून आलेली माणसं, पत्र्याखाली एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं. एका बाईशेजारी नऊ-दहा वर्षांची मुलगी पापड वाळत घालत होती.

"ही तुमचीच?" मी विचारलं.

"जहाजात मिळाली," बाई म्हणाली. "दोन बरसची होती. रडत होती. कोणी न्यायला आला नाही."

कागदावर बापाच्या नावाची जागा होती. माझी पेन्सिल तिथेच अडली. नानासाहेब वकिली सुरात म्हणाले, "बाई, उद्या कुणी आलं आणि माझी मुलगी म्हणालं तर? कायद्यानं तुम्ही हिच्या कोण?"

बाईनं पापडाचा हात पदराला पुसला. "कायदा बनवायला तुम्ही आला ना, साहेब? मग सांगा. मी कोण?"

बावीस प्रश्नांत हा नव्हता!

जीप निघाली. थोडं पुढे गेल्यावर इस्माईलभाई म्हणाले, "साहेब, तुमची टोपी तिथंच ऱ्हायली." टोपी आणायला नानासाहेब स्वतः गेले. अर्धा तास आले नाहीत. परत आले तेव्हा त्यांच्या कागदावर तेविसावा प्रश्न हातानं लिहिलेला होता.

•

शेवटचा मुक्काम निघोज्याच्या पुढे एका वाडीवर. मारुतीच्या देवळात बैठक. लग्नाच्या वयाचा प्रश्न निघाला.

"तुमच्याकडे लहान मुलींची लग्नं होतात?"

"छ्या! येक बी न्हाई," वाडीचे पुढारी छाती काढून म्हणाले.

"छान! कधीपासून बंद?"

"आजपास्नं. तुमचा सांगावा काल आला, म्हून आजचं लगीन म्होरं ढकललं!"

इस्माईलभाई तर पोट धरून हसले. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू? लीलाबाई मात्र उठल्या आणि विचारत विचारत त्या घरी गेल्या. मी वही घेऊन मागोमाग.

दारात मांडव तसाच. हळदीनं हात पिवळे झालेली अकरा वर्षांची मुलगी उंबऱ्यावर बसून कोकराला पाला चारत होती. तिची आई आत दळत होती. आम्हाला बघून तिनं जातं थांबवलं, पण बाहेर आली नाही.

"नाव काय तुझं?"

"सगुना."

लीलाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. कोकराचं नाव विचारलं, त्याला अजून नाव नव्हतं. मग सगुणानंच विचारलं,

"बाई, तुमी हितं हाय तवर लगीन न्हाई ना?"

"नाही."

"मंग किती दिस ऱ्हानार?"

भोंगा वाजवत जीप दारापाशी आली. नानासाहेब लगबगीनं उतरले. "लीलाबाई, चला! उद्या मुंबईला मीटिंग आहे. आपण दोघंही हवे आहोत तिथे."

लीलाबाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. माझ्या वहीकडे बोट करून म्हणाल्या,

"लिहून घ्या. एक सदस्य मीटिंगला हजर नाही. सगुणाची साक्ष अजून चालू आहे. इस्माईलभाई, माझी वळकटी उतरवा!"