मानपत्रातला दादा

दादाच्या पंच्याहत्तरीला नारायणगुड्याच्या हॉलमध्ये मानपत्र वाचलं गेलं. नातीचं मराठी यथातथाच, म्हणून तिने एआयला "वकील, वय पंच्याहत्तर" एवढंच सांगून ते लिहून घेतलं होतं. "ऋजू, निगर्वी, वटवृक्षासारखा आधार" ऐकून हॉलभर रुमाल निघाले. लिहिणाऱ्याला दादा ठाऊकच नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

दादा माझ्या कानाशी वाकला. "अरे, यात मी कुठे आहे? तू तरी माझ्याबद्दल बोल."

मी खिशातलं माझं भाषण उघडलं आणि गारच पडलो. ऋजू, निगर्वी, वटवृक्ष. उभा जन्म ज्याच्यासोबत काढला, त्या सख्ख्या भावाबद्दल मलाही एवढंच सुचलं होतं.

"वहिनी, तुम्हीच बोला," मी कसंबसं म्हणालो.

वहिनींनी माइक घेतला. "ह्यांनी आजवर माझी एकदाही माफी मागितली नाही. भांडण झालं की कोठीच्या बाजारात जाऊन मिरची भजी आणतात, आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहतात."

हॉलमधले लोक एकमेकांकडे बघू लागले. दादा मात्र खुर्चीतून अर्धा उठला.

"हौ, हा मी!" तो ओरडला. "हे रेकॉर्डवर घ्या."