रिपीटर बाई

बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलच्या परीक्षेला, विरारच्या आमच्या कॉलेजात, माझ्या शेजारच्या टेबलावर पस्तिशीची एक बाई होती. लग्नामुळे तिची परीक्षा तेव्हा राहून गेली होती, म्हणून आता रिपीटर. दोघींनाही एकच प्रयोग आला होता. नळीतलं पाणी वरखाली करत नादकाट्याचा आवाज कुठे घुमतो ते ऐकायचं आणि त्यावरून ध्वनीचा वेग काढायचा. ती पदर कानामागे खोचून पुन्हा पुन्हा नळीवर वाकत होती. मी पाठ असलेल्या उत्तरावरून उलटे आकडे बसवून मोकळी झाले.

तिचा वेग फार जास्त आला. मी कुजबुजले, "काकू, आकडे बदला ना."

"मला ऐकू आलं तेच लिवलंय," ती म्हणाली.

परीक्षकांनी तिला विचारलं, "चूक कुठे झाली?"

"पंख्याच्या आवाजात नीट कळलंच नाय, सर. पानी कुठं थांबवायचं ते."

त्यांनी सगळे पंखे बंद करायला लावले. "घ्या पुन्हा."

आम्ही वीसजण घामाघूम होऊन गप्प उभे राहिलो. तिने काटा रबरावर आपटला आणि पाणी हळूहळू खाली नेलं. एका जागी नळी घुमली. जर्नलमध्ये तो प्रयोग मी कधीच लिहून टाकला होता. आवाज मात्र तेव्हा पहिल्यांदा ऐकला.