पाव उंचीवरची कॉइल

हे लिहिणारी बाई बिनतारी यंत्रांच्या एका कारखान्यात झाडलोट करीत असे. उतारवयात ती प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकू लागली, तेव्हा दुपारच्या सुट्टीत तिला जोडाक्षरे फोडून दाखविणारे जे गृहस्थ होते, त्यांची ही हकीकत आहे. कारखान्यात त्यांना सगळे तारमास्तर म्हणत.

तारमास्तर अँटेना आखत. आधी कॉम्प्युटरवर तार उभी करायची, ती कशी बोलेल ते तपासायचे आणि मगच खरी तार कापायची, हा त्यांचा रिवाज होता. बोलताना ते शर्टाचे वरचे बटण पिळत. ते बटण नेहमी तुटलेले असे.

त्यांचा धाकटा भाऊ समुद्रातल्या एका खडकावर हवामानाच्या चौकीत एकटा राही. त्या खडकावर उंच खांब टिकत नसे. म्हणून तारमास्तरांनी त्याच्यासाठी आखूड तारेचा अँटेना आखला आणि उंचीची उणीव भरून काढण्यासाठी तारेच्या मध्यावर एक कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, योजली. ती तार धाकट्याने जादा म्हणून बरोबर नेली होती.

एके दिवशी धाकट्याचा निरोप आला. “दादा, पत्र्याने हात कापलाय. सुजलाय, तापही आहे. वारा वाढतोय. जुनी तार पडली तर तुझी चढवतो.”

त्यानंतर आवाज आला नाही. समुद्र इतका खवळला होता की नाववाल्याने दोर सोडायलाच नकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याची बायको कारखान्यात आली आणि तारमास्तरांच्या टेबलापाशी उभी राहिली.

“दादा, तुमची तार चढवली असेल ना त्यांनी?”

“चढवली असणार.”

“मग बोलत का नाहीत?”

तारमास्तर शर्टाचे बटण पिळू लागले. कॉइल गुंडाळणारा कारागीर, ज्याला सगळे गुंडाळे म्हणत, शेजारीच उभा होता. तो चाचरत म्हणाला, “मास्तर, वेढे मी दोनदा मोजलेत. माझी कॉइल इमानदार आहे. तुमच्या त्या पडद्यातल्या पोरीलाच जरा विचारा.”

एरवी या थट्टेवर तारमास्तर हसले असते. त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवरचे त्या तारेचे मॉडेल उघडले.

त्या प्रणालीत कॉइलचे वेढे काढीत नाहीत. तारेचे सारख्या लांबीचे तुकडे पाडतात, त्यांना खालून वर क्रमांक देतात आणि कॉइलचे मूल्य, म्हणजे तिच्या ताकदीचा आकडा, त्यांपैकी एका तुकड्याच्या नावावर लावून ठेवतात. तारमास्तरांनी प्रथम वीस तुकडे पाडले होते आणि कॉइल दहाव्यावर ठेवली होती. पुढे उत्तर अधिक अचूक यावे म्हणून त्यांनी तुकडे चाळीस केले. तार तेवढीच राहिली, प्रत्येक तुकडा लांबीने निम्मा झाला आणि कॉइल मात्र दहाव्यावरच बसून राहिली. पडद्यावर तिची खूण मध्यावर नव्हती. ती खालून पाव उंचीवर होती.

तारमास्तरांनी त्या खुणेवर बोट ठेवले. कॉइलचे मूल्य त्यांनी त्याच जागी जुळवून घेतले होते. गुंडाळ्याने मात्र नकाशावर लिहिल्याप्रमाणे तीच कॉइल प्रामाणिकपणे मध्यावर बसविली होती. कॉइल जितकी वर, तितकी ती मोठी लागते; मध्यावर ती अपुरी पडत होती.

“बाई,” ते भावजयीला म्हणाले, “चूक माझी आहे. त्याला आपलं ऐकू येत असेल. ऐकायला वेडीवाकडी तारही चालते. पण बोलायला ती जुळावी लागते. त्याने बोलायचं बटण दाबलं की यंत्र हात आखडतं, जोर लावत नाही.”

“मग त्यांना सांगा ना, काय करायचं ते.”

“सांगतो. पण त्याला खांब आडवा करावा लागेल. या वाऱ्यात, एका हाताने.”

ती टेबलाच्या आणखी जवळ आली. मग म्हणाली, “लहानपणी तुम्हीच चढवायचात ना त्यांना झाडावर? मग आता उतरवा.”

कारखान्याच्या किनाऱ्याकडील खोलीतल्या मोठ्या बिनतारी यंत्रापुढे तारमास्तर बसले. खांब दोरीने खाली घे. मधली कॉइल सोड. तिथे तार पुन्हा जोड. कॉइल खालून पाव उंचीवर बसव. एवढेच ते बोलत, मग बटण सोडून कान देत. खरखर येई. पुन्हा तेच बोलत. ज्याला हे सांगायचे तो शुद्धीवर आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते. आपण आपल्या भावाला तापात, जखमी हाताने, वादळात बाहेर काढीत आहोत, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. गुंडाळ्याने आणलेला चहा तसाच निवून गेला. भावजय दाराशी पदराचे टोक मुठीत धरून उभी होती. तिच्याकडे पाहण्याचे त्यांना धैर्य होत नव्हते.

दुपार कलताना खरखरीतून आवाज आला. “दादा, कॉइल खाली आणली. आता येतंय का ऐकू?” तारमास्तरांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, पण उत्तर भावजयीला द्यावे लागले.

वारा पडल्यावर नाव गेली. धाकटा जिवंत आला, परंतु उशीर झाला होता आणि उजव्या हाताची दोन बोटे डॉक्टरांना वाचविता आली नाहीत. तो म्हणे, “दादा, आठ पुष्कळ झाली.” तारमास्तर त्या विनोदाला कधी हसले नाहीत. तुकडे बदलले की ते प्रथम कॉइलची खूण बोटाने दाखवीत आणि गुंडाळ्याकडून ती तपासून घेत.

त्या दुपारी, आवाज येण्याच्या थोडे आधी, तारमास्तरांचा घसा पार बसला होता. गुंडाळे भावजयीसाठी पाणी आणायला गेला होता आणि ती स्वतः हुंदके आवरीत होती. खोलीत केर काढणारी बाई, म्हणजे हे लिहिणारी, तेवढी उरली होती. तारमास्तरांनी त्या चार सूचना कागदावर मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरे सुटी करून लिहिल्या, कागद तिच्यापुढे सरकवला आणि बटणावर स्वतःचे बोट ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मावशी, घटकाभर हे तुम्ही वाचा. सावकाश वाचा.”